बाबांचं म्हणणं

"बाबा काय म्हणतायत?" पिशवी खाली ठेवता ठेवता मुलीने विचारलं.

आईने इस्पितळातल्या पलंगाशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. "म्हणतायत, आधी चष्मा पूस. धुकं बाहेर नाहीये."

मुलीने हसत काचा पुसल्या. बाबांचा उभा जन्म चष्म्याच्या काचा घासण्यात गेला होता; घरात कुणाच्या नाकावर मळकी काच त्यांना खपत नसे. ते गेले आणि थोड्याच दिवसांत आई त्यांच्याशी बोलू लागली. सगळ्यांनी ते दुःखावर ढकललं. ओळखीच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. मग आईला साधे शब्द आठवेनात. एका सकाळी ओट्यापाशी आकडी येऊन ती कोसळली, तेव्हा कुठे पाठीतलं पाणी तपासलं गेलं. मेंदूला सूज होती. जंतू सापडले नाहीत. शरीराची स्वतःची संरक्षणयंत्रणाच मेंदूवर उलटली होती.

स्टेरॉइडची इंजेक्शनं झाली. आकड्या थांबल्या, शब्द परतले. बाबा मात्र हलले नाहीत.

"मलाच कळत नाही," डॉक्टरीणबाई बाहेर म्हणाल्या. "स्कॅन सुधारलाय, पाण्याचा रिपोर्टही चांगला आहे. भास तेवढे जात नाहीत. आता कडक औषध द्यावं लागेल. त्याने प्रतिकारशक्ती पार खाली येते, साधा खोकलाही जिवावर बेतू शकतो. विचार करून सही करा."

"तुमच्या आई दिवसभर तर गप्प असतात हो," नर्स म्हणाली. "तुम्ही आलात की यांचं सुरू."

बाबाही आपण येतो त्याच वेळेला येतात, असं मुलीच्या मनात आलं. तिला बरं वाटलं.

ती जिन्यात जाऊन उभी राहिली. सही न करण्याचं एक कारण तिच्याकडे होतं, पण ते कुणाला सांगण्याजोगं नव्हतं. बाबा गेले तेव्हा ती परगावी होती. शेवटचं बोलणंसुद्धा झालं नाही. आणि आता ते रोज त्या खुर्चीत भेटत होते, टोमणे मारत होते, अगदी त्यांच्याच शब्दांत. पण सूज आत कुठे धुमसत असली तर? बापाच्या दोन वाक्यांसाठी आईला पणाला लावायचं?

ती आत आली.

"आई, उद्यापासून नवं औषध. मी सही करतेय." तिने आवाज सांभाळला. "मग बाबा दिसायचे थांबतील. त्यांना काही सांगायचं राहिलं असेल, तर आजच विचारून घे."

आईने खुर्चीकडे बघितलं नाही. मुलीचा हात तिने दोन्ही हातांत धरला.

"सही करू नकोस," ती म्हणाली. "पहिल्या इंजेक्शनांनंतरच दिसायचे थांबले गं ते. तुला कसं सांगू कळेना, म्हणून मीच बोलत राहिले."