दोन ओळींनंतरचा थांबा

“थांबा, थांबा!” नव्या गायनमास्तरांनी हार्मोनियमवरचा हात उचलला. “दोन ओळी झाल्या की अख्खं चर्च गप्प कसं होतं? पुस्तकात तर सरळ पुढं जायचंय. तुम्ही थांबता तरी कोणासाठी?”

 लहानपणापासून सगळे हे गीत असंच म्हणत आले होते. कारण ठाऊक होतं ते एकट्या सुवार्ताबाईंना.

चाळीस वर्षांपूर्वी त्यांना गायनमंडळातून काढलं होतं. आवाज पहाडी, पण सुराशी उभा दावा! चर्चच्या पायरीवर रडत बसलेल्या सुवार्ताला पाळकसाहेब म्हणाले होते, “देवानं एवढा आवाज उगाच दिलाय होय, पोरी? चल आत.” त्यांनी तिला मार्थाआजींशेजारी नेऊन बसवलं. आजींना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नसे, त्यामुळे गीत सुरू झालं की त्या नुसत्या हात जोडून बसत. सुवार्तानं त्यांच्या कानाशी तोंड नेऊन दोन ओळी खच्चून म्हटल्या आणि ती थांबली. आजींनी त्याच ओळी कापऱ्या आवाजात म्हटल्या. त्यांचे डोळे घळाघळा वाहत होते.

पुढं दहा वर्षं दर रविवारी हेच. त्या आवाजापुढं हार्मोनियमचंही काही चालेना. ती थांबली की चर्च थांबायचं. आजी जाऊन तीस वर्षं झाली, थांबा मात्र राहिला.

सुवार्ताबाई उठल्या. बाकावरच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर त्यांनी हात ठेवला.

“मार्थाआजींचं म्हणून होऊ द्या, मास्तर. मग जाऊ पुढं.”