चौथं चाक

ताई गेल्यापासून दाजींनी तिच्या गाडीला हात लावला नव्हता. आज मात्र दारातच त्यांनी चारही चाकांचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ब्रेक बदलले.

शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची, त्याला दोघं लागतात. एकानं चाकाशी नट सैल करायचा, दुसऱ्यानं आत बसून पेडल दाबायचं. पेडलवर नेहमी ताई असायची. तिथूनच ती दाजींच्या चुका मोजायची.

"मी बसू का?" मी विचारलं.

"तू बाजूला हो. बहिणीची सर येणारे का तुला?" म्हणत दाजी चाकाशी वाकले आणि सवयीनं ओरडले, "दाब!"

नळीतून बुडबुडे आले. आत कोणीच नव्हतं.

दाजींनी वर पाहिलं नाही. तीन चाकं झाली. चौथ्यातून स्वच्छ ऑइल येऊ लागलं, तरी त्यांचं "दाब", "सोड" चालूच.

"दाजी, झालं की आता," मी हळूच म्हणालो.

त्यांनी नट आवळला, गाडी जॅकवरून उतरवली. ती नव्या शॉकवर स्थिरावली. मग ड्रायव्हरच्या बाजूनं गाडी दोन बोटांएवढी वर आली, कोणी उतरल्यावर येते तशी.

दाजींनी घाईघाईनं पाना उचलला.

"थांब गं, अजून एक चाक राहिलंय."