घागरभर हिरवे

पाहुणे येणार म्हणून पाठशाळेमागची शेवाळाने हिरवी झालेली टाकी घासून वामनशास्त्री समाधानाने हात पुसत होते, तोच सून आली आणि लखलखीत टाकीत वाकून बघू लागली.

“मामंजी, ते शेवाळ मी वाढवलं होतं. पाठशाळेचं सांडपाणी तेच शुद्ध करायचं, बागेला खतही तेच. पाहुणे तेच बघायला येणार होते.”

शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. मग काही आठवून त्यांनी अंगणातली घागर आणली. आत पाणी पाचूसारखे हिरवे होते.

“दूर्वा खुडतानाही आम्ही मूळ राखतो. सजीवाचा समूळ उच्छेद करू नये, म्हणून एवढे काढून ठेवले.”

सून हसली. “एवढ्या विरजणावर टाकी पुन्हा हिरवी होईल. आठवडा मात्र लागेल.”

“मग पाहुण्यांना कळव,” अभिषेकाच्या संथ धारेने घागर टाकीत रिती करत शास्त्रीबुवा म्हणाले, “टाकी सोवळ्यात आहे. आठवडाभर कुणी शिवायचे नाही. मीसुद्धा नाही.”