तिसरा कप्पा

डोंगरातल्या कच्च्या रस्त्यांवर दोन्ही कुत्र्यांना घेऊन हिंडता यावं, म्हणून आम्ही जुन्या व्हॅनचं फिरतं घर करायचं काम सुताराला दिलं. मापं घ्यायची त्याची रीत न्यारी होती. कुत्र्याला प्लायवर झोपवायचं आणि त्याच्या भोवतीनं खडूची रेघ ओढायची.

व्हॅन ताब्यात आली, तेव्हा आत झोपायचे कप्पे तीन होते.

"दादा, कुत्री दोनच आहेत की!"

"तिसरा सारखा हलत होता," तो म्हणाला. "म्हणून त्याला जरा ऐसपैस दिलाय."

आम्ही पोट धरून हसलो आणि त्या कप्प्यात पांघरुणं कोंबली.

पहिल्याच चढावर दाट धुकं लागलं. चिंगी आणि ढोल्या, दोन्ही कुत्री, आपापल्या कप्प्यात गाढ झोपली होती. अचानक तिसऱ्या कप्प्यातून कुणीतरी भुंकलं. नवऱ्यानं दचकून ब्रेक दाबला. पुढचा रस्ता दरीत कोसळला होता.

परतताना आम्ही थेट सुताराकडे गेलो. मी हात जोडले. "दादा, तुमच्या त्या तिसऱ्यामुळे वाचलो हो आम्ही."

सुतारानं व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि त्याचा चेहरा खुलला. "अरे वा, केवढा वाढलाय! आता हा कप्पा कसला पुरतोय!"

त्यानं जमिनीवर प्लाय टाकला आणि कानामागचा खडू काढला. चिंगी आणि ढोल्या अंग चोरून बाजूला झाली. रिकाम्या प्लायवरून रेघ पुढे सरकत गेली. प्लाय संपला, तरी ती थांबली नाही. फरशीवर उतरून माझ्या दिशेनं आली.

"ताई, जरा मागे सरा," मान वर न करता तो म्हणाला. "शेपटीवर पाय पडलाय तुमचा."