पोस्टरखालचं समन्स

"आजोबा, हळू! फाटेल ना ते!" नात किंचाळली, पण फाटलंच होतं. दारावरच्या सिनेमाच्या पोस्टरचा एक तुकडा आजोबांच्या नखात आला आणि खालून सरकारी शिक्क्याचा जांभळा कोपरा डोकावला.

"हेच समन्स," वकीलबाई वाकून म्हणाल्या. "बेलीफ इथे चिकटवून गेला. तुम्ही कोर्टात आला नाहीत, म्हणून विमा कंपनीच्या बाजूनं एकतर्फी निकाल लागला. तो टिकला तर ही खोली जाणार."

आजोबांची शिडी घसरून मोटारींच्या शोरूमची भलीमोठी काच फुटली होती. कंपनीनं दुकानदाराला भरपाई दिली आणि ती वसूल करायला आजोबांवर दावा ठोकला. आजोबांना पत्ताच नाही! जन्मभर थिएटरची पोस्टरं चिकटवलेला माणूस. नवा सिनेमा लागला, की उरलेलं एक पोस्टर भल्या पहाटे आपल्या दारावर चढवायचं, हा त्यांचा नेम. त्या पहाटेही त्यांनी अंधारात खळीचा ब्रश फिरवला आणि समन्स गेलं पोस्टरखाली.

"अहो, पण हाताला लागलं कसं नाही?"

"दारावर कागद असायचाच, बाई. त्यावर आपला कागद लावायचा, एवढंच मला ठाऊक."

वकीलबाईंनी कपाळावर हात मारला. "ते न वाचताच झाकलं गेलं, हे न्यायाधीशांना पटलं तर निकाल रद्द होईल. पण कागद अख्खा हवा. आणि आजच दुपारी."

नातीनं किटलीची वाफ धरली. कोपरा सुटला, पण एकटा नाही. खालच्या वर्षानुवर्षांच्या पोस्टरांचा पुठ्ठाच उचलला गेला. आजोबांनी त्याच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हा हिरवा दिसतोय ना, तो तुझ्या आजीनं उभ्यानं पाहिला. खुर्च्याच उरल्या नव्हत्या. आणि हा लागला तेव्हा तुझा बाप मध्यंतरात हरवला. अख्खं थिएटर शोधतंय, आणि हे महाराज पडद्यामागे गाढ झोपलेले!"

"आजोबा! खोली चाललीये आणि तुम्ही सिनेमे काय सांगत बसलात?"

"काय करू, पोरी? खळ मी शिजवलीये." आजोबांचा आवाज अभिमानानं फुगला आणि तिथंच बसला. "ती सोडायची नाही."

नात दाराकडे बघत राहिली. मग एकदम उठली.

"स्क्रूड्रायव्हर कुठेय?"

"अगं, काय करतेस?" वकीलबाई ओरडल्या.

"कागद अख्खा हवा म्हणालात ना?"

बिजागऱ्या करकरल्या. थोड्याच वेळात दार रस्त्यानं चालू लागलं, पुढून नात, मागून आजोबा. नुकत्याच बंद पडलेल्या थिएटरच्या पायरीवर जुना तिकीटवाला ऊन खात बसला होता. दार बघून तो ताडकन उभा राहिला.

"अहो पोस्टरवाले! खेळ कुठला?"

"दुपारचा!" दाराआडून आजोबा ओरडले. "उशीर झालाय, हात लाव!"

दाराखालच्या चार पायांचे सहा झाले.