पाणी फिरेपर्यंत

"संसार म्हणजे भोवरा! एकदा सापडलात, की सुटका नाही!" बुवांनी कीर्तनात हात गरगरा फिरवला, नि चांगुणेची झांज थांबली. तिच्या लेकाची होडी अजून परतली नव्हती, आणि खाडीच्या तोंडाशी खराच भोवरा घोंघावत होता.

तिचा म्हातारा सासरा, होडी हाकणारा जुना तांडेल, भर कीर्तनात उठला. "बुवा, चुकलात! ओहोटीचं पाणी समुद्राच्या लाटेला भिडतं, म्हणून भोवरा होतो. भरती लागली की विरतो. आमचं पोर शहाणं. तोवर बाहेरच थांबेल."

"भरतीला किती वेळ?" बुवांनी विचारलं.

"तासभर."

बुवांनी चांगुणेकडे पाहिलं नि पुढ्यात आलेलं आरतीचं ताट मागे सारलं. "मग आरती तासाभरानं. माउली, झांज धरा."

तिचा ताल चुकत होता. पण खाडीतून इंजिनाची टकटक येईपर्यंत बुवा तिच्याच तालावर गात राहिले.