डावीकडं ओढणारी गाडी

"गाडी सरळ हाय, काका." रविकिरणनं मशीनच्या पडद्यावर बोट ठेवलं. चारही चाकांचे आकडे हिरवे होते.

शेषेरावांचा त्या हिरव्या आकड्यांवर काडीचा विश्वास बसला नाही. निलंग्यात चाकांची अलाइनमेंट झाली, अहमदपूरला झाली, आता लातूरच्या रिंगरोडवरचं हे तिसरं दुकान. तिघंही एकच सांगतात म्हणजे तिघांना पढवणारा एकच असणार. मघाशी याचा फोन वाजला तेव्हा "हाव सायेब, हाव" करत हा लांब गेला होता. ते शेषेरावांनी बरोब्बर टिपून ठेवलं होतं.

सायेब म्हणजे दुसरं कोण, त्यांचाच पोरगा सुदर्शन. नांदेडला नोकरी करतो आणि बापाचा हात आता स्टेअरिंगवर बसत नाही, हे तिथं बसून ठरवतो. गेल्या महिन्यात गाडी डावीकडच्या चारीत जाता जाता राहिली, तेव्हापासून त्याचं एकच टुमणं. गाडीत दोष निघाला तर ठीक, नाही तर किल्ली द्या, मी ड्रायव्हर ठेवतो. दोन वर्षं बायकोला, सिंधुबाईंना, लातूरला डायलिसिसला शेषेरावच आणत होते, आठवड्यातून तीनदा. तिला परक्याच्या हवाली करायला त्यांचं मन तयार नव्हतं.

"ओढती कवा, ते तरी सांगा," रविकिरण म्हणाला.

"दवाखान्यातून घरी जाताना. येताना सरळ येती."

"एकाच गाडीचं असं कसं व्हईल?"

शेषेरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पार्किंगमधी कुणीतरी हात लावून राहिलंय. म्हणून आज मी खूण केली."

त्यांनी त्याला डाव्या चाकापाशी नेलं. तंबाखूच्या डबीतला चुना सकाळी त्यांनी चाकाच्या नटांना बोटानं फासला होता. रविकिरण वाकला, नीट बघितलं.

"चुना जसाच्या तसा हाय, काका."

"मग माणूस लई हुशार हाय," शेषेराव म्हणाले.

लिंबाच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर सिंधुबाई बसल्या होत्या. डायलिसिसनंतर हाताला बांधलेली पट्टी अजून सोडली नव्हती. नवऱ्याच्या संशयाला उत्तरं देणं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं.

"चला, घरी जाताना बसता तसं काकूंना बसवून बघू," रविकिरण म्हणाला.

त्यानं स्वतः गाडी घेतली. सिंधुबाई पुढं, त्याच्या शेजारी. शेषेराव मागं. रिंगरोडचा मोकळा पट्टा आल्यावर त्यानं स्टेअरिंगवरून दोन्ही हात उचलले. गाडी सरळ चालली. यानं गुडघ्यानं धरलं असणार, म्हणून शेषेराव दोन सीटमधून वाकले. गुडघे चांगले हातभर लांब होते.

"आता मी," शेषेराव म्हणाले.

जागा बदलल्या. रविकिरण मागं गेला. शेषेरावांनी गाडी काढली ती एकदम बेतानं, परीक्षेला बसल्यासारखी. सिंधुबाईंनी काचेला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. डायलिसिसनंतर त्यांना अशीच गाढ झोप यायची, हाक मारली तरी ओ द्यायच्या नाहीत.

अर्धा किलोमीटर झाला असेल. गाडी डावीकडं सरकली. पांढरी पट्टी ओलांडून चाकाखाली खडी वाजली. शेषेरावांनी झटक्यात सावरली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बगितलं? ओढली का न्हाई?"

रविकिरण पुढं वाकला. "अजून थोडं चला," एवढंच म्हणाला.

पुन्हा तेच. पुन्हा खडी.

"काका," रविकिरणनं मागून हळूच विचारलं, "तुमी कुटं बघून राहिले?"

"रस्त्याकडं. दुसरीकडं कुटं बघणार?"

"न्हाई, काका. तुमी काकूंकडं बघता. मान वळली की हात बी वळतो."

शेषेराव एकदम भडकले. सुदर्शननं हेही शिकवून ठेवलं का, असं ते विचारणारच होते. तेवढ्यात सिंधुबाई बोलल्या. डोळे मिटलेलेच होते.

"श्वास चालू हाय माझा. पुढं बघा."

शेषेरावांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. उसाची ट्रॉली खडखडत शेजारून गेली. त्यांना लाज वाटली. ही दर वेळी जागी होती आणि दर वेळी गप्प होती. आपण पार्किंगवाल्यावर, मशीनवर, पोटच्या पोरावर संशय घेतला, पण खरी भीती काय होती ते स्वतःशीसुद्धा कधी बोललो नाही.

त्यांनी फोन लावला.

"सुदर्शन, गाडी सरळ हाय. ड्रायव्हर बघ." पलीकडून काहीतरी लांबलचक विचारणं सुरू झालं, ते त्यांनी पूर्ण ऐकलं नाही.

"दुकानापर्यंत तुमी घ्या," म्हणत त्यांनी किल्ली रविकिरणच्या हातात दिली. सिंधुबाईंचं दार उघडलं, त्यांना हाताला धरून मागच्या सीटवर आणलं आणि शेजारी बसले.

रविकिरणनं गाडी काढली. सिंधुबाईंनी पुन्हा डोळे मिटले. गाडी पांढऱ्या पट्टीच्या आत सरळ चालली होती, आणि शेषेराव खुशाल त्यांच्याकडं बघत होते.